टपालाची गाडीतली जागा



ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेलने स्वतःच्या टपालगाड्या बंद केल्या. ‘क्लास ३२५’ या नावाच्या त्या विजेच्या गाड्या डर्बी येथे १९९५-९६ मध्ये बांधल्या होत्या. प्रत्येकी चार डब्यांच्या अशा सोळा गाड्या होत्या आणि पुरती तीस वर्षेही न धावता त्या भंगाराच्या वाटेला लागल्या. फ्रान्सची पिवळी टपाल-टीजीव्ही २७ जून २०१५ रोजी थांबली. अमेरिकेत रेल्वेतली शेवटची चालती टपालकचेरी ३० जून १९७७ रोजी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघाली. या तिन्ही देशांत निरोपाची तारीख तरी ठरली, वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. आपल्याकडे तशी तारीख नाही. आपले टपाल बहुतांशी प्रवासी गाडीला जोडलेल्या डब्यातून किंवा डब्याच्या एका भागातून जाते. त्यामुळे तो डबा गळला तरी गाडी तशीच धावत राहते आणि फलाटावरच्या माणसाला काही उणे वाटत नाही. मला आज एवढेच मांडायचे आहे की जुना डबा मोडीत निघाला तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, पण त्याच्याबरोबर टपालाची गाडीतली हक्काची जागा जाऊ देणे ही मोठी चूक ठरेल.

ही जागा आली कुठून, ते पाहिले पाहिजे. १८६४ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीत पत्रे वेगळी करण्यास आरंभ झाला. पुढे या खात्याला रेल्वे मेल सर्व्हिस हे नाव मिळाले. आजही स्थानकाशेजारी ‘आरएमएस’ची पाटी दिसते ती याच खात्याची. पंजाब मेल १९१२ साली मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटू लागली तेव्हा तिच्या सहा डब्यांपैकी तीन उतारूंचे आणि तीन टपालाचे होते. विलायतेची बोट धक्क्याला लागली की टपाल त्याच गाडीने उत्तरेकडे जाई. टपालडब्यात एका बाजूला भिंतभर लाकडी खण, खणांवर गावांची नावे, हुकांना अडकवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या, लाखेची मोहोर आणि दोरा. सॉर्टर हलत्या डब्यात उभ्याने पत्र वाचून ते नेमक्या खणात टाकीत असे. कोणते गाव कोणत्या जंक्शनला उतरते हे त्याला पाठ असावे लागे. डब्याला बाहेरून पत्र टाकण्याची फट असे. थोडी ‘लेट फी’ भरली की गाडी सुटण्याच्या घटकेपर्यंत पत्र त्यात टाकता येई. त्या पत्रावरच्या शिक्क्यात सेक्शनचे नाव, ‘सेट’चा क्रमांक आणि जाताना ‘आउट’, येताना ‘इन’ असा शब्द उमटे. म्हणजे कोणत्या तुकडीने, कोणत्या दिशेच्या फेरीत ते पत्र हाताळले याची नोंद पाकिटावरच राही. रात्रीचा प्रवास हाच कामाचा वेळ करणारी ही रचना होती आणि तिचे सारे मोल तेवढ्यात होते.

ही रचना मोडली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या संस्कृत पंडिताने आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पहिल्या तीन अंकांवरून वर्गीकरणाचा जिल्हा कळू लागला, जसा ३०२ म्हणजे जयपूर. सॉर्टरच्या डोक्यातला नकाशा पाकिटावर आला आणि ते काम जमिनीवरच्या मोठ्या केंद्रात, पुढे यंत्रावर, होऊ लागले. १९८६ मध्ये स्पीड पोस्ट आले. ज्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीच्या डब्यांवर धावत्या टपालडब्यांची ही व्यवस्था उभी होती ते बांधणे २०१८ मध्ये थांबले. अशा डब्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात. त्यानंतर त्याचा लिलाव होतो आणि लोखंड भट्टीत जाते. हलत्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे वेगळी करण्याचे काम माणसाकडून काढून घेतले, हे चांगलेच झाले. तेवढ्यापुरते मी बदलाच्या बाजूने आहे.

मात्र वर्गीकरण जमिनीवर आले म्हणून वाहतूकही रुळांवरून उतरली पाहिजे, हे कुठून आले? जयपूरचे उदाहरण घ्या. येथे आरएमएसचा स्वतंत्र ‘जेपी’ विभाग आहे. मीटरगेजच्या काळात मुंबईचे टपाल जयपूरला यायचे तर सवाई माधोपूर किंवा अहमदाबादेत पिशव्या ब्रॉडगेजवरून उतरवून मीटरगेजवर चढवाव्या लागत. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि तो अडथळा गेला. आज जयपूरहून दुपारी निघालेली सुपरफास्ट दुसऱ्या सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर एका रात्रीत, न उतरवता, न बदलता. रस्ता इतका सलग झाला आणि नेमक्या त्याच काळात टपालाला गाडीत जागा कमी होत गेली, हे मला फार खटकते. एप्रिल २०२३ मध्ये अजमेर-दिल्ली मार्गावर सुरू झालेली वंदे भारत जयपूरवरून जाते आणि तिला मालाचा डबाच नाही. सांगानेर आणि बगरूचे छापील कापड, ब्लू पॉटरी, लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर पाच-दहा किलोचे पार्सल पाठवतात. मोठ्या कुरियर कंपनीशी दरांची घासाघीस करण्याइतका त्यांचा माल नसतो, त्यांना टपालखिडकीच परवडते.

आक्षेप येईल की पत्रेच उरली नाहीत. पत्रे घटली हे खरेच, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. परंतु डब्यात जागा आकारमानाला लागते. शंभर पत्रांपेक्षा एक रजईचे पार्सल अधिक जागा खाते, म्हणून पत्रांच्या घटीवरून जागेची गरज मोजता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्रक दारापर्यंत जातो, त्याची वेळ खाते स्वतः ठरवते आणि मार्च २०२० मध्ये उतारू गाड्या थांबल्या तेव्हा टपाल खात्याने रस्तावाहतुकीचे जाळे उभारूनच औषधे पोचवली. हे श्रेय नाकारता येणार नाही. जवळच्या अंतराला ट्रकच हवा, हेही मान्य. पण संकटकाळचा मार्ग हाच नित्याचा मार्ग का व्हावा? हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर डिझेल, टोल, चालकाची झोप आणि पावसाळ्यातला महामार्ग यांचा हिशोब धरला, तर विजेवर धावणाऱ्या आणि तशीही जाणाऱ्याच गाडीचा कोपरा स्वस्त पडायला हवा. विमानाचेही तसेच. १९४९ मध्ये नागपूरला रात्री चार दिशांची टपाल-विमाने एकत्र येऊन पिशव्यांची अदलाबदल करू लागली. ती योजना उत्तम होती, तरी सत्तरच्या दशकात ती बंद पडली आणि आगगाडी मात्र टपाल वाहत राहिली. सरकारलाही हे पटलेले दिसते. २०२२ च्या अर्थसंकल्पात टपाल आणि रेल्वे यांची पार्सलसेवा जोडण्याची घोषणा झाली आणि ३१ मार्च २०२२ रोजी सुरत-वाराणसी मार्गावर तिचा प्रयोग सुरू झाला. शिवाय रेवाडी ते मदार हा मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग जानेवारी २०२१ पासून फुलेऱ्यावरून, म्हणजे जयपूरच्या उंबऱ्याजवळून, वाहता झाला आहे. साधने हाताशी आहेत. दोन खात्यांमधला करार तेवढा जुना पडला आहे. भाडे कोणी किती द्यायचे या वादात टपालाचा कोपरा रिकामा धावतो आणि मग रिकामा धावतो म्हणून काढून टाकला जातो. ही कारणपरंपरा उलटी आहे.

म्हणून मागणी नेमकी करावी. लांब पल्ल्याच्या ज्या गाड्या जयपूरवरून रात्रीत मोठ्या शहरांना जोडतात, त्यांच्या नव्या रेकमध्ये टपालासाठी ठरावीक जागा वेळापत्रकातच नोंदलेली असावी, पार्सलव्यापाऱ्याने बोली लावल्यावर सरकवता येणार नाही अशी. आणि जो जुना टपालडबा शेवटी मोडीत जाईल, त्यातला एक तरी लाकडी खणांसह, हुकांसह आणि शिक्क्यांसह पुरा राखावा. अजमेरच्या रेल्वे कारखान्यात १८९५ साली बांधलेले एफ-७३४ हे इंजिन आज दिल्लीच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. इंजिनाला मिळाला तो मान टपालडब्यालाही मिळावा, आणि तो याच प्रदेशात मिळावा. तुमच्यापैकी जे टपाल वा रेल्वे खात्यात आहेत किंवा होते, त्यांनी या मागणीचे निवेदन आपल्या अनुभवाची जोड देऊन उत्तर-पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाकडे पाठवावे. ते मुख्यालय जयपुरातच आहे.