गुरुपौर्णिमा आणि ‘स्वयम्’

(हिंगणा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन शिक्षणव्यवस्थेचे उद्घाटन झाले. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. नाव ‘स्वयम्’ आणि मुहूर्त गुरूचा! आजचा माझा विषय या विसंगतीतच दडलेला आहे.

जे घडले ते लहान नाही. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटेल’चा उपक्रम हाती घेतला आणि त्यांची व्याख्याने सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील फिटर दुसरी पाळी संपवून घरी येतो आणि मध्यरात्री खरगपूरच्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकू शकतो. ज्ञान ही कोणाची मिरास नाही, हे आपण व्यासपीठावरून सांगत आलो. येथे ते प्रत्यक्ष दिसते.

परंतु हाच फिटर तिसऱ्या आठवड्यात थांबतो. अशा अभ्यासक्रमांत नाव नोंदविणारे बहुसंख्य लोक शेवटपर्यंत पोहोचत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. त्याला आळशी ठरविणे सोपे आहे. त्याचे शिक्षण मराठीत झालेले, व्याख्यान इंग्रजीत. मराठी अनुवाद होऊ लागले आहेत, त्यांचे स्वागतच आहे. पण ‘गणित इथे चुकले’ असे सांगणारे जवळ कोणी नसते. शिवाय शिकणे विनामूल्य असले, तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’मधून मिळविता येतात, कामगाराला ती सोय कोठून?

महाराष्ट्राने याचे उत्तर पूर्वीच शोधले होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून तेथे दोन गोष्टींवर भर राहिला : स्वतः वाचून समजेल असे मराठी पुस्तक आणि गावाजवळचे अभ्यासकेंद्र. त्याही आधी, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, तीही नेवाशाला श्रोत्यांसमोर बसून. भाषा आणि सोबत, दोन्ही तेथे होत्या.

म्हणून माझी विनंती आपल्याला आहे. संगणक भेट देणे आणि छायाचित्र छापून आणणे आपल्याला छान जमते. बारा आठवडे ठरल्या वेळी हजर राहणे तितके जमत नाही, हे आपल्याच घरातले बोलणे आहे. वाचनालयाची खोली, एक पडदा, आठ-दहा शिकणारे आणि वानाडोंगरी परिसरातील एखादे निवृत्त प्राध्यापक, एवढ्यावर आरंभ होईल. पहिल्या पाळीवाल्यांना सायंकाळ सोयीची, दुसऱ्या पाळीवाल्यांना सकाळ. तेव्हा गट दोन करावे लागतील. ‘स्वयम्’ची सत्रे जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. त्याआधी महिनाभर घरोघरी जाऊन माणसे जमवू. नावनोंदणी त्यानंतर एकत्र बसून करू.