पाळी, झोप आणि व्यायाम



कामगार व्यायाम करीत नाही, याचे खापर त्याच्या आळसावर फोडले जाते. खरा प्रश्न त्याच्या वेळेवर मालकी कोणाची, हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. म्हणजे रोजची सुमारे वीस मिनिटे. हिशेब सोपा दिसतो. परंतु ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याच्या झोपेची व जेवणाची घडी बसते न बसते तोच मोडते. जादा काम आणि प्रवास उरलीसुरली सवड गिळतात.

गिरणगावात तीन पाळ्या चालत, तरीही तालमी व कबड्डीचे संघ उभे राहिले. कारण गिरणी, चाळ आणि तालीम हाकेच्या अंतरावर होती.

रात्रपाळीच्या कामगाराने झोप मोडून व्यायाम करू नये. पुरेशी झोप झाल्यावर, कामावर निघण्यापूर्वी भरभर चालावे. एवढे त्याच्या हाती आहे. पाळीपत्रक आगाऊ मिळणे, दोन पाळ्यांत पुरेशी विश्रांती, सक्तीच्या जादा कामाला बंदी आणि दुपारीही उघडी राहणारी व्यायामशाळा, हे मात्र संघटनेचे काम आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साप्ताहिक सुटीची मागणी केली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो 1890 मध्ये. तो कोणाच्या दयेने मिळाला नाही. ही वीस मिनिटेही मागूनच, आणि एकत्र येऊनच, मिळवावी लागतील.