शेजारधर्माचा गौरव

सत्कार ही आपल्याकडे नित्याची गोष्ट झाली आहे. शाल, श्रीफळ आणि पुष्पहार ह्यांवाचून गावातला एकही समारंभ पार पडत नाही. ज्याला पद मिळाले त्याचा सत्कार होतो. पद संपले की त्याच व्यासपीठावर दुसऱ्याचा होतो. ह्यात वावगे काही नाही. परंतु समाज कोणाला मान देतो, ह्यावरून त्या समाजाला काय हवे आहे ते कळते. म्हणून गावात सलोखा आणि न्याय राखणाऱ्या सामान्य माणसांना आपण कितपत मान दिला, हा प्रश्न आज मी आपणापुढे ठेवणार आहे.

बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे ह्या प्रश्नाच्या विचाराला फार योग्य आहेत. घरात मराठी, बाजारात कानडी आणि निजामाच्या काळी कचेरीत उर्दू, अशा तीन भाषांत येथील माणूस वाढला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. सीमा बदलली, पण सोयरीक आणि शेजार बदलला नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी सर्व मतांना एकत्र नांदविणारा संप्रदाय स्थापिला, आणि १८६५ साली त्यांनी समाधी घेतली तीही तेथेच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडून दिली, त्या कथेतला बादशहाही बीदरचाच. हुकूम मोडून भुकेल्यांना अन्न देणाऱ्या कामगाराला लोकांनी शतकानुशतके स्मरणात ठेवले आहे. गौरव कोणाचा करावा हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे ह्यावरून म्हणता येईल.

आता १९४८ सालाकडे वळू. त्या वर्षी हैदराबाद संस्थानात रझाकारांचा जुलूम कळसास पोहोचला होता. मे महिन्यात बसवकल्याणनजीकच्या गोरटा गावी त्यांनी भीषण हत्याकांड केले. तेथे आता हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांची हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहीत होते. सप्टेंबरात भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतर जे घडले, ते पुष्कळ वर्षे उघडपणे कोणी बोलले नाही. रझाकारांच्या पापाचा सूड त्या पापात ज्यांचा हात नव्हता अशा मुसलमान रहिवाशांवर उगविण्यात आला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार ह्यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. त्यांचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली, असे त्यांनी नमूद केले. सबंध संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

ह्याच दुःखद अहवालात एक वेगळी नोंद आहे. हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्रीपुरुषांचे रक्षण केल्याची उदाहरणे त्यांना ठिकठिकाणी आढळली. एकाच व्यवसायातील लोकांत हा बंधुभाव विशेष दिसला. काही गावी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचविले, आणि त्यापायी काहींनी प्राणही गमावले.

श्रोतेहो, हे विणकरच का पुढे आले असतील? माझ्या अल्पमतीस असे वाटते की, त्यांच्या सलोख्याचा पाया रोजच्या कामात होता. सूत एकाच व्यापाऱ्याकडून आणावयाचे, धोटा मोडला तर शेजारच्या मागावरून मागून घ्यावयाचा, विणलेला माल एकाच आठवडी बाजारात विकावयाचा. मंदी आली की चूल दोघांचीही विझावयाची. ज्याची अडचण आपण वर्षानुवर्षे पाहिली आहे, त्याला एका रात्रीत शत्रू मानणे कठीण जाते. सलोख्याची व्याख्याने त्यांनी ऐकली असतील वा नसतील. सलोखा त्यांच्या हातांना ठाऊक होता.

न्यायासाठी झगडणाऱ्यांचा आपण गौरव केला, आणि तो योग्यच केला. शाळेत शिक्षक म्हणून काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. १९५२ साली गुलबर्ग्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले, आणि नांदेडच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. परंतु त्या विणकरांची नावे कोठे आहेत? ती कोणत्याही शिळेवर कोरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, जुन्या जखमा कशाला उकरावयाच्या? पण जखम न बोलल्याने भरत नाही. घराघरांत ती कुजबुजीने सांगितली जाते, आणि कुजबुजीत केवळ परक्याचा अपराध उरतो, आपल्याला वाचविणाऱ्या परक्याचे नाव गळून जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रक्षण करणाऱ्यांचा गौरव करून आपण अत्याचारावर पांघरूण तर घालीत नाही ना? तसे होता कामा नये. गोरट्याचे मृत आणि सप्टेंबरानंतरचे मृत, दोघांचाही शोक प्रामाणिकपणे केल्यावाचून ह्या गौरवाला अर्थ येणार नाही. आणि रक्षकाचे नाव सांगताना, तो कोणापासून रक्षण करीत होता हेही सांगावेच लागते.

हे कसे करावे, ह्याचा एक नमुना जगापुढे आहे. जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था, नाझी संहाराच्या काळात ज्यूंना वाचविणाऱ्या अन्यधर्मीयांचा १९६३ पासून गौरव करीत आली आहे. आजवर अठ्ठावीस हजारांहून अधिक नावे तेथे नोंदली गेली. त्या नोंदीत मुख्य आधार असतो वाचलेल्यांच्या साक्षीचा. आपण किती चांगले आहोत हे रक्षकाने सांगावयाचे नसते. ज्याचा जीव वाचला त्याने ते सांगावयाचे असते.

आपल्यालाही हे करता येईल, आणि त्यास फार पैसा लागणार नाही. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. गावोगावच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन अशा वृद्धांकडे जावे. कोणी कोणाला घरात लपविले, कोणी कोणाच्या दारात उभे राहून जमावाला परतविले, ते त्यांच्याच भाषेत, मग ती मराठी असो, कानडी असो वा दखनी, लिहून घ्यावे. एकाचे सांगणे दुसऱ्याकडून पडताळून पाहावे. घरच्यांची संमती असेल तरच नाव प्रसिद्ध करावे. आणि १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर, हुतात्म्यांच्या नावांबरोबर ही नावेही ग्रामसभेत वाचून दाखवावीत.

आमच्या शाळांतील मुलांना लढायांचे सन पाठ असतात. बीदरचा किल्ला कोणी बांधला आणि कोणी घेतला, हे ती सांगू शकतात. त्याच किल्ल्याच्या परिसरातील एखाद्या गावात एका गरीब माणसाने आपल्या शेजाऱ्यासाठी प्राण दिला, हेही त्यांना कळले पाहिजे. उद्या पुन्हा कधी अफवा उठली, जमाव जमला, तर त्या क्षणी सरकार दूर असते आणि शेजारी जवळ असतो. आपल्या आधी कोणीतरी असे वागले होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दारात उभे राहण्याचे धैर्य थोडे अधिक सहज येईल. सांगणारे अद्याप आपल्यात आहेत, तोवर हे काम हाती घ्यावे, एवढीच माझी आपणा सर्वांस विनंती आहे.