इंजिनाची आतून सफाई
(मुकुटबन येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर, जीप सतत धावतात आणि ऑइल बदलायचे राहून जाते. मग इंजिनात गाळ साचतो. तो धुण्यासाठी ऑइलमध्ये मिसळायचे द्रव बाजारात मिळते. कंपनीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तरच ते वापरावे.

ऑइल बदलण्यापूर्वी, गरम इंजिनातील जुन्या ऑइलमध्ये डब्यावर दिलेल्या प्रमाणात ते ओतावे. सांगितलेली मिनिटेच इंजिन जागेवर, मंद गतीने चालवावे. लगेच ऑइल काढून फिल्टर बदलावा व नवे ऑइल भरावे.

मात्र जाड गाळ साचलेल्या जुन्या इंजिनात हे टाळावे. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब घटतो आणि बेअरिंग जळतात. अशा वेळी मिस्त्रीकडून चेंबर उघडून साफ करून घ्यावे. रॉकेल तर टाकूच नये. त्याने ऑइल पातळ होऊन इंजिन झिजते.

वेळेवर ऑइल बदलणे हीच स्वस्त सफाई!