दोन नाणी आणि रायगडची सहल
(स्नेहमेळाव्यात ‘आमचे छंद’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षं काढली आहेत, एआयवर बोलते. पलीकडून उत्तर आलं, "नको गं, ते सगळेच बोलतात. तू ती चांदीची नाणी मागवतेस ना, त्यावर बोल." म्हणून आज नाण्यांवर बोलते. मी नाणकशास्त्राची अभ्यासक नाही. जुन्या सातवाहनांच्या नाण्यांबद्दल कुणी प्रश्न विचारला तर आपल्या इतिहासाच्या सरांकडे बोट दाखवीन. माझा प्रांत छोटा आहे: आपलं सरकार एखाद्या व्यक्तीच्या, संस्थेच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ जी नाणी काढतं ती, आणि त्यातही चांदीची.

दर वेळी असं नाणं प्रकाशित झालं की मला आठ-दहा फोन येतात. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आलं, तेव्हा माझ्या चुलतभावानं विचारलं, "ताई, आता वाणी हे सुट्ट्यात देणार का?" तर नाही देणार. ही नाणी रिझर्व्ह बँकेतून बाजारात येत नाहीत. टांकसाळ ती संग्राहकांसाठी पाडते आणि दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दरानं विकते. कायद्यानं ते खरं चलन आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार १००० रुपयांपर्यंतचं नाणं काढता येतं. पण ते ७५ रुपये म्हणून वाण्याला देणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. ३५ ग्रॅमचं ते नाणं निम्मं चांदीचं आहे. बाकी ४० टक्के तांबं, आणि निकेल नि जस्त पाच-पाच टक्के. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. तिचीच किंमत त्या वर्षी हजारावर होती.

हे आकडे मी कुठून सांगते? नाणं निघण्याआधी अर्थ मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढतं. त्यात धातू, वजन, व्यास (४४ मिलिमीटर), कडेवरच्या खाचा (२००), दोन्ही बाजूंना काय असेल, देवनागरीत काय लिहायचं, सगळं असतं. आमच्या धंद्यात काम सुरू करण्याआधी ग्राहकाकडून अशी कागदपत्रं मागतात आणि ती कधीच इतकी नेमकी मिळत नाहीत. राजपत्र वाचून मला पहिल्यांदा सरकारी भाषेबद्दल आदर वाटला.

सुरुवात २०१० ची. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून १००० रुपयांचं नाणं जाहीर झालं. भारतात एवढ्या मोठ्या किमतीचं नाणं त्याआधी निघालं नव्हतं. पुण्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी तमिळ. त्याला ते आईसाठी हवं होतं, आणि अर्ज मराठी मुलखातल्या टांकसाळीकडे करायचा म्हणून त्यानं मला धरलं. जणू मुंबईच्या टांकसाळीत माझे मामा बसले होते! तेव्हा छापील अर्ज भरायचा, बँकेतून डीडी काढायचा आणि दोन्ही रजिस्टरनं फोर्टला पाठवायचं. मी म्हटलं, एकाचं करतेच आहे तर माझंही करू. पहिला डीडी मी चुकीच्या नावानं काढला. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "इंजिनिअर ना तुम्ही?" मग दुसरा काढला. आणि नंतर वाट बघितली. नोंदणी झाली की टांकसाळ मागणी बघून नाणी पाडते, त्यामुळे दुकानातून साडी आणल्यासारखं ते नसतं. आता सगळं महामंडळाच्या संकेतस्थळावर होतं, पैसे तिथेच भरायचे. नाणं मात्र अजून पोस्टमनच आणतो, आणि सही घेऊनच देतो.

आता आईकडे येते.

ते हजाराचं नाणं आलं तेव्हा मी दिवाळीला सांगलीला आले होते. आईला दाखवलं. तिनं ते हातावर तोललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "जड आहे. आपल्याकडे होती की अशी दोन." मी विचारलं, कुठली दोन? तिनं जे वर्णन केलं त्यावरून मला नंतर ओळखता आलं. एकावर गांधीजी आणि १८६९–१९४८ अशी सालं. दुसऱ्यावर संसद भवनासमोर झेंडा धरलेले स्त्री-पुरुष. पहिलं १९६९ चं, गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं. पंधरा ग्रॅम, ८० टक्के चांदी. दुसरं १९७२ चं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, तेही दहा रुपयांचंच. साडेबावीस ग्रॅम, पण चांदी निम्मी. तीनच वर्षांत चांदी ८० टक्क्यांवरून ५० वर आली आणि तरी नाणं मोठं दिसलं, हा सरकारी हिशोब मला फार आवडतो. माझ्या आजोबांनी ती दोन्ही लग्नात आईच्या ओटीत घातली होती.

"मग कुठे गेली?" मी विचारलं.

"तुझ्या सहलीला गेली."

नववीत आपण रायगडला गेलो होतो, आठवतं? एसटीची लाल गाडी, पाचाडला मुक्काम, आणि सकाळी पायऱ्या. तेव्हा रोपवे नव्हता, तो १९९६ ला झाला. दीडशे रुपये वर्गणी होती. त्या वर्षी बाबांची गिरणी बंद पडली होती, हे तुमच्यापैकी फार जणांना माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन म्हटलं होतं, "मला नाही जायचं, पाय दुखतात." आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी दीडशे रुपये माझ्या कंपासपेटीत होते. तिनं दोन्ही नाणी सराफ कट्ट्यावर नेली होती. सराफानं वजन केलं, कसोटीवर घासली, घट धरली आणि दोन्हींचे मिळून सव्वाशेच्या आसपास दिले. वरचे पंचवीस डाळीच्या डब्यातले. सराफाला मी दोष देत नाही. त्याच्या तराजूला गांधीजीही दिसत नाहीत आणि झेंडाही. त्याला चांदी दिसते, आणि तिचा त्या दिवशीचा भाव.

आता गंमत बघा. त्याच सहलीत, राजसभेच्या त्या उघड्या चौथऱ्यावर बसवून सरांनी आपल्याला सांगितलं होतं की १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी स्वतःची नाणी पाडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. "दुसऱ्याच्या नाण्यावर राज्य चालत नाही," असं सर म्हणाले होते. मी वहीत लिहून घेतलं होतं, ती वही अजून आहे. हे ऐकायला मी ज्या पैशांवर आले होते त्याची नाणी तोवर बहुधा मुशीत वितळूनही गेली होती.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. तुम्हाला हे सांगायचं तीस वर्षं राहून गेलं होतं.

त्या दिवाळीनंतर माझा छंद जरा बदलला. नवं नाणं आलं की मागवणं चालूच राहिलं. टागोरांचं १५० रुपयांचं, डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं १२५ रुपयांचं, २०१८ चं वाजपेयींचं १०० रुपयांचं, आणि एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं. हे शेवटचं शुद्ध चांदीचं आहे, सुमारे ४० ग्रॅमचं. पण त्याबरोबर मी ती जुनी दोनही शोधू लागले. तीच मिळणार नव्हती हे उघड आहे. तशी मिळणार होती.

शोधताना फसलेही. एका व्यापाऱ्यानं मला १९७२ चं नाणं ‘प्रूफ’ म्हणून विकलं. आरशासारखं चमकत होतं. प्रूफ म्हणजे काय, तर ठसा आणि चकती दोन्ही आधी घासून चकचकीत करतात आणि एकाच चकतीवर एकाहून जास्त वेळा ठसा मारतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं. माझ्या नाण्यात चित्रही चमकत होतं. त्या काळात मुंबईच्या टांकसाळीच्या प्रूफ नाण्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षर असे. माझ्या नाण्यावर मुंबईच्या साध्या नाण्यांवरचा चौकट होता, पत्त्यातल्या चौकटसारखा. कुणीतरी साधं नाणं पॉलिश करून विकलं होतं. खिशातली नाणी काढून बघा आता. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. काहीच नसणं हीसुद्धा खूण असते, हे मी नव्या प्रोग्रामरना शिकवते तेव्हा याच नाण्याचं उदाहरण देते.

मागच्या रांगेतून मघाशी कुणीतरी विचारत होतं की गुंतवणूक म्हणून घ्यावं का. नको रे. टांकसाळीची किंमत कलाकुसरीची आणि डबीची असते. विकायला गेलात तर सराफ निम्म्या चांदीचेच पैसे देईल, आणि चार धातूंची ती मिसळ वेगळी करायची म्हणून त्यातही घट धरेल. प्रकाशन झाल्याच्या आठवड्यात जे चढ्या भावानं विकतात त्यांच्याकडून तर अजिबात घेऊ नका. नोंदणी करा, थांबा, पावती जपून ठेवा. आणि मुलांना छंद लावायचा असेल तर चांदी कशाला? १९९९ चं ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, २००७ चं टिळकांचं पाच रुपयांचं, ही बाजारात फिरलेली नाणी आहेत. आजीच्या बटव्यात हात घाला, फुकट मिळतील.

सोन्याबद्दल एकच सांगते, कारण मैत्रिणी विचारणारच. २०१५ ला सरकारनं अशोकचक्राचं सोन्याचं नाणं काढलं, चोवीस कॅरटचं. ते चांगलं आहे, पण ते सोनं म्हणून घ्यायचं, कुणाची आठवण त्यात नाही. मला हवं आहे ते वेगळंच. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीनं विलायती सॉव्हरिन पाडली होती, इंग्रजी ‘आय’ अक्षराची बारीक खूण असलेली. ती घेण्याइतका पगार अजून झालेला नाही. तोवर आईच्या पुतळ्यांच्या माळेवर समाधान मानते. त्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची आपल्याकडची नक्कल, हे कळल्यापासून ती माळ बघताना मजा येते. दोन आकृती आहेत ना, त्यातले एक तिकडचे संत आहेत आणि दुसरे तिथले राज्यप्रमुख. आई म्हणते, असू देत, आमच्याकडे राम-सीताच.

तर, जुनी दोन नाणी शेवटी मिळाली. १९७२ चं खरंखुरं, पुण्यातल्या एका प्रदर्शनात. गांधींचं नंतर दोन वर्षांनी, एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून. ते कधीही न वापरलेलं होतं. कडेची एक खाचसुद्धा झिजलेली नाही. मी ते हवाबंद प्लास्टिकच्या डबीत घातलं. चांदीला रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर यातला गंधक लागतो आणि ती काळी पडते. बोटांचा घाम लागतो. पावसाळ्यात दमट हवा लागते. हे सगळं आईला समजावून सांगितलं आणि नाणी तिच्या हातात दिली, की ही तुझी.

पुढच्या दिवाळीला आले. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर दोन्ही नाणी. डब्यांतून काढलेली, चिंचेनं आणि पितांबरीनं लखलखीत घासलेली, वर हळद-कुंकू, बाजूला बत्तासे. संग्राहकाच्या वहीत त्या नाण्यांची किंमत त्या क्षणी निम्म्याहून खाली आली. माझ्या तोंडून "अगं आई!" एवढंच निघालं. तिनं विचारलं, "का, अजून काळी आहेत का?"

मी म्हटलं, नाही, छान निघालीत.

दरवर्षी घासते ती. गांधीजींचं नाक आता जरा बसकं झालं आहे. मी त्या दोन नाण्यांच्या नोंदीपुढे माझ्या एक्सेलमध्ये ‘स्थिती’ हा रकाना रिकामा ठेवला आहे. बाकी सगळ्या नाण्यांचा भरलेला आहे.

आजच्यासाठी तिनं ती दोन्ही दिली आहेत. माझी बाकीची नाणी मागच्या टेबलावर काचेखाली आहेत, ती चहाच्या वेळी बघा, हात लावायचा तर कडेनं धरा. ही दोन मात्र रुमालात आहेत. ज्यांनी ज्यांनी रायगडच्या त्या फोटोत उभं राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, त्यांनी खुशाल मुठीत घ्यावीत. कुंकू हाताला लागेल, तेवढं चालवून घ्या.