सहकाऱ्यांच्या आठवणीतले डॉ. कोटणीस
(स्मृतिदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव बहुतेकांच्या कानावर प्रथम पडले ते चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या इंग्रजी पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पडद्यावर आणली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अमर कहाणीतला नायक पहिल्या दृश्यापासूनच नायक असतो. ज्यांनी त्यांच्या शेजारी उभे राहून जखमा बांधल्या, त्यांच्या आठवणींतले कोटणीस हळूहळू घडलेले आहेत. म्हणूनच ते आपल्या अधिक जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, गिरणी कामगारांच्या सोलापुरातला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जुलै १९३७ मध्ये जपानी साम्राज्यवाद्यांनी चीनवर सर्वंकष युद्ध लादले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. सुभाषबाबू पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. स्पेनच्या रणांगणावर काम करून आलेले डॉ. मदन अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर हे उपप्रमुख, आणि त्यांच्यासह डॉ. देवेश मुखर्जी, डॉ. विजयकुमार बसू व डॉ. कोटणीस. गुलाम देशाने दुसऱ्या पीडित देशाला पाठवलेली ही मदत होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस 'के दीहुआ' झाले, बसू 'बा सूहुआ' झाले. चुंगकिंगहून येनानला जायचे, त्या सुमारास कोटणिसांना वडील वारल्याची बातमी कळली. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्यास सुचवले. त्यात कुणालाही वावगे वाटले नसते. परंतु ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

पुढे एकेक जण परतला. त्वचाविकाराने बेजार झालेले अटल १९४० मध्ये परतले, चोळकर व मुखर्जी त्याआधीच गेले होते. 'एक परत आला नाही' असे म्हणताना परतलेल्या चौघांना आपण जणू वजा करून टाकतो. हा अन्याय आहे. त्यांनीही तीच वाट तुडवली होती, तेच बाँबहल्ले सोसले होते.

१९४० मध्ये बसू व कोटणीस शत्रूच्या पिछाडीला, शान्शी-चाहार-होपेई सीमाप्रदेशात गेले. त्या शरद ऋतूत 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' चालू असताना कोटणिसांच्या पथकाने तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. तेव्हा ते सतत ७२ तास झोपले नव्हते, असे सांगतात. बसू येनानला परतले, कोटणीस तिथेच राहिले. नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तेथे शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे. शत्रूची मोहीम आली की जखमींसह डोंगरात हलायचे! त्यातही शिकवणे थांबले नाही. आणि शिकवत ते चिनी भाषेत. दुभाष्याच्या आधारावर विद्यार्थी तयार होत नाहीत, हे ओळखून त्यांनी भाषा आत्मसात केली होती. गावकरी त्यांना मायेने 'काळी आई' म्हणत. पुरुषाला, तोही परदेशी, आईची उपमा देणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी त्यांच्यात काय पाहिले असेल ते वेगळे सांगायला नको.

परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. कुओ यांच्या आठवणींत पडद्यावरचा धीरगंभीर वीर नाही. गाणी म्हणणारा, चिनी भाषेत विनोद करून जखमींना हसवणारा तरुण आहे. पण अपस्माराचे झटके वाढत होते. उपचारांसाठी आघाडी सोडून जाण्याचा सल्ला वरिष्ठांनी दिला, तो त्यांनी मानला नाही. मानला असता तर ते वाचले असते का, हा प्रश्न उरतोच, आणि केवळ त्यागाचे गुणगान करून तो मिटत नाही. ७ जुलै १९४२ रोजी, युद्धाच्या पाचव्या वर्धापनदिनी, ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. घरून निघतानाच ते कम्युनिस्ट होते असे मानण्याचे कारण नाही. तो निर्णय त्या डोंगरांत, कामातून पक्व झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे.

१९६२ च्या सीमायुद्धानंतर ही आठवण जपणे आपल्या देशात सोपे नव्हते. त्या काळात ती सर्वांत निष्ठेने जपली ती डॉ. बसूंनी. १९४३ मध्ये मायदेशी परतलेला हा मित्र पुढे चीनमध्ये जाऊन अॅक्युपंक्चर शिकला, कलकत्त्यात गोरगरिबांवर त्याने उपचार करू लागला आणि कोटणीस स्मारक समितीच्या कामाला त्याने पुन्हा चालना दिली. लुधियान्यात कोटणिसांच्या नावाचे अॅक्युपंक्चर रुग्णालय आहे, त्याचा धागा याच कामाशी जुळतो. १९८६ मध्ये बसू निवर्तले. इनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला होता. कुओ छिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या. पतीच्या देशात अनेकदा येऊन, सासरच्या माणसांना भेटून गेल्या.

अखेरच्या दिवसांत कोटणीस विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरचे दुसरे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते अपुरेच राहिले.