सरहद्दीवरचा नळदुर्ग



सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, बोरी नदीच्या काठी, जो विस्तीर्ण काळा कोट प्रवाशाच्या दृष्टीस पडतो, तो नळदुर्ग. दंतकथा त्याचा संबंध नळराजाशी जोडते; परंतु त्याला खरे महत्त्व आले ते बहामनी राज्याची शकले झाल्यानंतर, विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांचे मुलूख याच टापूत एकमेकांस भिडले म्हणून. सोलापूरच्या किल्ल्यावरून या दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला असता नळदुर्गच्या किल्लेदारास स्वस्थता कोठून लाभणार? पहिल्या अली आदिलशहाने सोळाव्या शतकात हा कोट भक्कम दगडी तटाने नव्याने बांधून काढला, आणि उंच उपळ्या बुरुजावरून चौफेर मुलखावर नजर ठेवण्याची सोय झाली.

तथापि माझ्या मते या दुर्गाचे खरे वैभव तटबुरुजांत नसून पाण्यात आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इसवी सन १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थपतीने बोरीच्या पात्रात प्रचंड बंधारा घालून मुख्य कोट व पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग एकमेकांस जोडले. वेढ्याच्या प्रसंगी शिबंदीस पाणी मिळावे, हा रोखठोक लष्करी हेतू साधीत असतानाच त्या कलावंताने बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल रचला. पावसाळ्यात नदी भरून आली म्हणजे नर व मादी या दोन सांडव्यांवरून जलौघ कोसळत असतो, आणि महालात बसलेला मनुष्य समोरून पडणारा तो पडदा पाहत असूनही कोरडा राहतो. सरहद्दीच्या ठाण्यावर, जेथे केवळ उपयुक्ततेचा विचार पुरेसा होता, तेथे इतकी सौंदर्यदृष्टी जपणाऱ्या त्या कारागिरांविषयी मन आदराने भरून येते.

पुढे १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने हा प्रांत कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, त्यानंतर मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी येथे कारभार पाहू लागला. १८६० मध्ये प्रांत निजामाकडे परत गेला आणि नळदुर्ग पुन्हा सरहद्दीवर आला. ती सरहद्द मिटण्याचा प्रारंभही येथेच झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून निजामाच्या राज्यावर निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग घेतला, आणि बोरीवरील पूल त्याच्या हाती शाबूत लागला.

आज हे राज्य संरक्षित स्मारक सर्वांस खुले आहे. श्रोत्यांनी पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे अवश्य पाहावेत. परंतु तेवढ्यावर न परतता पाणीमहालातील फार्सी शिलालेखापाशी थांबावे, उपळ्या बुरूज चढावा, आणि त्या दगडांवर आपले नाव कोरण्याचा मोह कोणास होत असेल, तर त्यास परावृत्त करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.